वृक्क-ऊतकाची दुरुस्ती

वृक्क-ऊतकाची दुरुस्ती : शोथामुळे (दाहयुक्त सुजेमुळे) वृक्काला (मूत्रपिंडाला) इजा झाल्यानंतर तेथील मृत कोशिकांची (पेशींची) जागा नव्या कोशिकांनी भरून निघण्याच्या व वृक्काचे कार्य पूर्ववत होण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावतात. त्वचेवरील जखम भरून येते, मोडलेले हाड सांधते, हे माणसाला प्राचीन काळापासून माहीत होते. वृक्कासारखे खोल दडलेले इंद्रिय स्वतःची डागडुजी करू शकते, हे मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निश्चितपणे कळले नव्हते. ही डागडुजी कोणत्या कोशिका करतात, या प्रश्नाचा बराचसा उलगडा तर २००८ च्या सुमारास झाला. प्रस्तुत नोंदीत या ज्ञानाचा इतिहास दिला आहे. कोकण, मुंबई व ठाणे या भागांत दर पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोग वृक्कातील शोथाचे व त्यानंतरच्या दुरुस्तीचे ठळक उदाहरण असल्यामुळे विवेचनात तो वारंवार येईल. [→ वृक्क, शोथ].

रचना : प्रत्येक वृक्कात सु. १० लाख वृक्काणू (मूत्र तयार करणारे सूक्ष्म घटक) असतात. वृक्काणूच्या आरंभी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो, त्यास केशिकागुच्छ म्हणतात. त्यात रक्त गाळले जाते आणि गाळलेला द्रव पुढे लांब व वळणावळणांच्या वृक्कनलिकेतून वाहतो. नलिकेच्या आतील बाजूस कोशिकांचा एकेरी थर असतो. या कोशिका पाणी, लवणे व शर्करा यांसारखे उपयुक्त पदार्थ रक्तात परत घेतात. केशिकागुच्छालगतच्या भागास समीपस्थ नलिका म्हणतात. तिच्या कोशिकांचा पृष्ठभाग कुंचल्याच्या केसांसारख्या सूक्ष्म प्रवर्धांनी (वाढींनी) आच्छादलेला असतो. या कोशिकांना ऊर्जा सर्वांत जास्त लागते, त्यामुळे ऑक्सिजनचा तुटवडा, विष किंवा शोथ यांचा पहिला फटका त्यांनाच बसतो. सर्व कोशिका आधारकला नावाच्या पातळ पण चिवट पटलावर बसलेल्या असतात. दोन नलिकांमधील जागेत बारीक रक्तवाहिन्या व थोडे संयोजी (जोडणारे) ऊतक असते, त्यास आंतराल ऊतक म्हणतात.

मानवात नवे वृक्काणू तयार होण्याची क्रिया गर्भावस्थेच्या अखेरच्या आठवड्यांत थांबते. जन्मानंतर एखादा वृक्काणू संपूर्ण नष्ट झाला, तर त्याच्या जागी दुसरा येत नाही. म्हणून वृक्काची दुरुस्ती म्हणजे नव्या वृक्काणूंची निर्मिती नव्हे. शिल्लक वृक्काणूंच्या नलिकांना पुन्हा कोशिकांचे अस्तर लाभणे, एवढाच तिचा अर्थ आहे. हा भेद लक्षात न घेतल्यास पुढील इतिहासातील बरेचसे वाद समजणे कठीण जाते.

प्रारंभिक कल्पना : ‘वृक्क’ हा शब्द आयुर्वेदाच्या संहितांमध्ये आढळतो. सुश्रुतसंहितेत वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या सारभागापासून सांगितली आहे व त्यांचा संबंध मुख्यतः मेदाशी जोडला आहे. वृक्काच्या सूक्ष्म रचनेचा अभ्यास सूक्ष्मदर्शकाच्या शोधानंतर सुरू झाला. इटालियन शारीरविज्ञ मार्चेल्लो मालपीगी यांनी १६६६ मध्ये केशिकागुच्छांचे वर्णन प्रसिद्ध केले. १८२७ मध्ये लंडनमधील रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरील सूज, मूत्रातील प्रथिन व वृक्कातील विकृती यांची सांगड घातली. विल्यम बोमन यांनी १८४२ मध्ये केशिकागुच्छ व नलिका एकमेकांस जोडलेल्या असल्याचे दाखविले आणि याकोप हेन्ले यांनी १८६२ मध्ये नलिकेच्या लांब वळणाचे वर्णन केले.

जर्मन विकृतिवैज्ञानिक रूडॉल्फ फिरखो यांनी १८५८ मध्ये कोशिकाधिष्ठित विकृतिविज्ञानाची मांडणी केली. प्रत्येक कोशिका ही आधीच्या कोशिकेपासूनच उत्पन्न होते, हे तत्त्व त्यामुळे रूढ झाले. वृक्कातील नवी कोशिका वृक्कातील जुन्या कोशिकेपासून येत असावी, असे या तत्त्वावरून सुचते. पण ते पडताळून पाहण्याची सोय नव्हती. वृक्कांचे काम एकाएकी बंद पडलेला रोगी त्या काळी एक-दोन आठवड्यांत दगावत असे. विकृतिवैज्ञानिकाच्या हाती येई ते मृताचे वृक्क, म्हणजे इजेची स्थिती. दुरुस्ती होण्यास जेवढा काळ लागतो तेवढा काळ रोगी जगतच नसे. वृक्काची दुरुस्ती दीर्घकाळ अज्ञात राहिली, याचे मुख्य कारण हे होय.

लेप्टोस्पायरोसिसची ओळख : १८८६ मध्ये हायडल्बर्ग येथील वैद्य आडोल्फ व्हाइल यांनी ताप, कावीळ, प्लीहेची वृद्धी व वृक्कशोथ ही लक्षणे एकत्र असलेल्या एका तीव्र रोगाचे वर्णन केले. पुढे त्यास व्हाइल रोग असे नाव पडले. जपानमध्ये कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांत असाच रोग आढळत होता. तेथील रयोकिची इनाडा व युताका इडो यांनी १९१४–१५ मध्ये रोगास कारणीभूत असलेला मळसूत्री आकाराचा सूक्ष्मजंतू शोधून काढला. उंदीर हे या जंतूचे वाहक असल्याचेही लवकरच जपानी संशोधकांनी दाखवून दिले. लेप्टोस्पायरा हे नाव हिडेयो नोगुची यांनी दिले. भारताच्या संदर्भात टेलर व गोयल यांचा अंदमानातील या रोगाविषयीचा सविस्तर अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे जंतू उंदीर, घूस व गुरे यांच्या मूत्रावाटे पाण्यात व चिखलात मिसळतात आणि कातडीवरील जखमांतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या श्लेष्मकलेतून (बुळबुळीत अस्तरातून) मानवी शरीरात शिरतात. रक्तावाटे ते वृक्कात पोहोचतात. आंतराल ऊतकात सूज येते व श्वेत कोशिका जमतात. समीपस्थ नलिकेच्या कोशिकांवरील प्रवर्ध झडतात, काही कोशिका मरून नलिकेच्या पोकळीत गळून पडतात व तेथे गठ्ठे बनून मूत्राची वाट अडवितात. या विकारात मूत्राचे प्रमाण पुष्कळदा घटत नाही व रक्तातील पोटॅशियम कमी होते. समीपस्थ नलिकेतील शोषण बिघडल्याची ही खूण होय. रोगी वाचला तर बहुधा काही आठवड्यांत त्याचे वृक्क पुन्हा काम करू लागतात. केशिकागुच्छ व आधारकला बहुतांशी शाबूत राहतात, हे यामागील मुख्य कारण आहे. त्याचे महत्त्व मात्र एका महायुद्धानंतरच लक्षात आले.

युद्धकाळ व कृत्रिम वृक्क : लंडनवरील बाँबवर्षावात ढिगाऱ्याखाली चिरडलेली काही माणसे बाहेर काढल्यावर प्रारंभी बरी वाटत, पण पुढे मूत्र कमी होऊन सु. आठवड्याभरात दगावत. एरिक बायवॉटर्स व डेझ्मंड बील यांनी १९४१ मध्ये या रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वृक्कनलिकांच्या तीव्र इजेकडे त्यामुळे वैद्यकाचे लक्ष वेधले गेले.

याच सुमारास नेदर्लंड्समधील कांपेन या गावी व्हिलेम कोल्फ यांनी फिरत्या पिंपाच्या आकाराचे कृत्रिम वृक्क तयार केले व १९४३ मध्ये ते रोग्यावर वापरले. सेलोफेनच्या नळ्यांतून रक्त खेळवून त्यातील यूरियासारखी त्याज्य द्रव्ये बाहेरच्या द्रवात काढून टाकणे, हे या अपोहन पद्धतीचे तत्त्व होय. पहिले बहुतेक रोगी वाचले नाहीत. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षे वयाची एक स्त्री बेशुद्धावस्थेत त्यांच्याकडे आली. अपोहनानंतर ती शुद्धीवर आली, काही दिवसांत तिला पुरेसे मूत्र होऊ लागले व पुढे ती काही वर्षे जगली. यंत्राने तिचे वृक्क बरे केले नव्हते. वृक्कांनी स्वतःस सावरेपर्यंत यंत्राने तिला जिवंत ठेवले, एवढेच. वैद्यकाच्या दृष्टीने या घटनेचे महत्त्व मोठे आहे. कारण मृतावस्थेतील वृक्कावरून जे कळू शकत नव्हते, ते जिवंत रोग्यात दिसू लागले.

१९५१ हे वर्ष या विषयात विशेष महत्त्वाचे ठरले. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक होमर स्मिथ यांनी वृक्कावरील आपल्या बृहद्‌ग्रंथात ‘तीव्र वृक्क-निष्फलता’ ही संज्ञा वापरली व ती रूढ झाली. त्याच वर्षी जीन ऑलिव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वृक्काणू एकेक करून सूक्ष्मविच्छेदनाने सुटे काढले व प्रत्येकाची संपूर्ण लांबी तपासली. त्यांना इजेचे दोन प्रकार आढळले. विषारी द्रव्याने झालेल्या इजेत कोशिका मरतात पण आधारकला टिकते. अशा नलिकेला नवे अस्तर लाभते. रक्तपुरवठा खंडित झाल्याने होणाऱ्या इजेत मात्र ठिकठिकाणी आधारकलाच तुटते. तेथे आंतराल ऊतक आत घुसते व नलिकेचा मार्ग कायमचा बंद होऊ शकतो. जोते शाबूत असले तर भिंत पुन्हा उभी राहते, जोतेच खचले तर राहत नाही, असे या निष्कर्षाचे सार सांगता येईल. पुढील संशोधनाने यात पुष्कळ भर घातली. पण हे मूळ सूत्र टिकून आहे.

भारतातील अनुभव : भारतात अपोहनाची सोय १९६० नंतरच्या दशकात वेल्लोर, मुंबई यांसारख्या मोजक्या ठिकाणी सुरू झाली. पाश्चात्त्य देशांत तीव्र वृक्क-निष्फलता मुख्यतः शस्त्रक्रिया व अपघात यांनंतर आढळे. भारतात तिची कारणे वेगळी होती. अतिसारातील जलऱ्हास, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश व असुरक्षित गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग ही त्यांपैकी प्रमुख होत. चंडीगढ येथील किरपाल सिंग चुघ व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कारणांच्या बदलत्या प्रमाणाचा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. मुंबईत परळच्या राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयात विद्या आचार्य यांच्या नेतृत्वाखाली वृक्कविकारांच्या उपचाराची व अध्यापनाची परंपरा उभी राहिली.

भारतीय रुग्णालयांतील अनुभवाने ऑलिव्हर यांच्या निष्कर्षाला एका दुःखद मार्गाने पुष्टी दिली. असुरक्षित गर्भपात, प्रसूतीच्या वेळचा अतिरक्तस्राव किंवा घोणस या सर्पाचा दंश यांनंतर काही रोग्यांच्या वृक्कबाह्यकाचा (वृक्काच्या बाहेरील भागाचा) सलग ऊतकमृत्यू होतो. यात नलिकांबरोबर केशिकागुच्छ व रक्तवाहिन्याही नष्ट होतात. अशा रोग्याला अपोहनाने कितीही दिवस जगविले, तरी मेलेला भाग परत येत नाही. याउलट अतिसार किंवा लेप्टोस्पायरोसिस यांतून उठलेला रोगी पुष्कळदा पूर्ण बरा होऊन घरी जातो. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात अधिनियमानंतर सुरक्षित गर्भपाताच्या सोयी वाढल्या आणि त्यायोगे पहिल्या प्रकारच्या इजेचे एक मोठे कारण हळूहळू मागे हटले. वृक्काची दुरुस्तीची क्षमता मोठी असली, तरी ती इजेच्या प्रकारावर अवलंबून असते, हे या दोन प्रकारच्या रोग्यांच्या तुलनेवरून स्पष्ट होते.

नव्या कोशिकांचा मागोवा : नलिकेला नवे अस्तर लाभते हे सिद्ध झाल्यावर ते कोठून येते, हा प्रश्न पुढे आला. कपेज व टेट यांनी १९६७ मध्ये पारद लवणाने इजा केलेल्या प्रायोगिक प्राण्यांच्या वृक्काचे निरीक्षण करून दुरुस्तीचे टप्पे वर्णिले. उघड्या पडलेल्या आधारकलेवर प्रथम चपट्या, साध्या रचनेच्या कोशिका पसरतात. त्या विभागून संख्येने वाढतात आणि नंतर उंच होऊन त्यांच्यावर पूर्वीसारखे प्रवर्ध उगवतात. १९९४ मध्ये व्हिट्सगाल, बॉनव्हेंट्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चपट्या कोशिकांत व्हायमेंटिन हे प्रथिन दाखविले. ते प्रौढ नलिका-कोशिकेत नसते, गर्भावस्थेतील अविशेषित (विशिष्ट कार्य न स्वीकारलेल्या) कोशिकेत असते. वाचलेली कोशिका आपले विशेष काम काही काळ बाजूला ठेवते, बाल्यावस्थेकडे वळते, विभागते व मग पुन्हा प्रौढ होते, असा त्याचा अर्थ लावण्यात आला.

तथापि दुसरीही एक शक्यता होती. २००० नंतरच्या काही वर्षांत अस्थिमज्जेतील (हाडांच्या पोकळीतील मगजातील) मूलकोशिका रक्तावाटे वृक्कात जाऊन नलिका-कोशिका बनतात, असे सुचविणारे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. मूलकोशिका टोचून वृक्क बरे करता येतील अशी आशा त्यामुळे निर्माण झाली. २००५ मध्ये अधिक काटेकोर प्रयोगांत मात्र अस्थिमज्जेचा असा थेट वाटा नगण्य असल्याचे आढळले.

हा वाद बऱ्याच अंशी मिटविणारा प्रयोग बेंजामिन हंफ्रीज, जोसेफ बॉनव्हेंट्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची युक्ती सोपी आहे. आनुवंशिक बदल घडवून आणून त्यांनी उंदरांच्या वृक्कनलिकांतील कोशिकांवर कायमची खूण केली. ही खूण कोशिका विभागल्यावर तिच्या कन्याकोशिकांतही उतरते. नंतर वृक्काला इजा करून ते भरून येऊ दिले. नव्या कोशिका बाहेरून आल्या असत्या, तर त्या खुणेविना असत्या व खूण असलेल्या कोशिकांचे प्रमाण घटले असते. प्रत्यक्षात ते घटले नाही. दुरुस्ती करणाऱ्या कोशिका नलिकेतीलच, इजेतून वाचलेल्या होत्या. फिरखो यांच्या तत्त्वावरून दीडशे वर्षांपूर्वी जे सुचत होते, त्याची प्रायोगिक सिद्धता अशा रीतीने मिळाली.

कोणतीही वाचलेली कोशिका हे काम करू शकते, की त्यासाठी नलिकेत विखुरलेल्या काही विशेष कोशिका राखीव असतात, याविषयी संशोधकांत एकमत झालेले नाही. फ्लॉरेन्स येथील पाओला रोमान्यानी यांच्या गटाने दुसऱ्या मताचा पुरस्कार केला आहे. त्यांच्या २०१८ मधील निबंधानुसार इजेनंतर पुष्कळ कोशिका न विभागताच आकाराने मोठ्या होतात व काम सांभाळतात, प्रत्यक्ष विभाजन थोड्याच कोशिका करतात. हे खरे असल्यास रोग्याचे वृक्क चाचणीत चांगले काम करीत असूनही त्याच्या कोशिकांची संख्या पूर्वीपेक्षा कमी असू शकते.

शोथाचे दुहेरी कार्य : शोथ हा केवळ शत्रू आहे, असे मानण्याकडे वैद्यकाचा दीर्घकाळ कल होता. भक्षिकोशिका (जंतू व मृत ऊतक गिळणाऱ्या कोशिका) शरीराचे रक्षण करतात, हे इल्या मेच्निकॉव्ह यांनी १८८० नंतरच्या दशकात दाखविले होते. परंतु वृक्काच्या संदर्भात त्याचा पूर्ण अर्थ अलीकडे उमगला. लेप्टोस्पायराच्या बाह्यपटलातील प्रथिने समीपस्थ नलिकेच्या कोशिकेवरील टीएलआर-२ या ग्राहीला चिकटतात व त्यामुळे ती कोशिका स्वतःच शोथकारक संदेश सोडू लागते, असे तैवानमधील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले. वाहक उंदराच्या वृक्कात मात्र हेच जंतू नलिकेत दीर्घकाळ राहतात आणि उंदीर आजारी दिसत नाही. इजेचा मोठा भाग जंतूंना दिल्या जाणाऱ्या प्रतिसादातून उद्‌भवतो, हे या विरोधावरून लक्षात येते.

इजेनंतर वृक्कात महाभक्षिकोशिका मोठ्या संख्येने येतात. प्रयोगांत असे आढळले आहे, की पहिल्या एक-दोन दिवसांत त्या शोथ वाढवितात. पण नंतर त्यांचे स्वरूप पालटते व त्या नलिका-कोशिकांच्या वाढीस साहाय्य करू लागतात. २०११ मधील एका प्रयोगात आरंभीच त्यांना काढून टाकल्यावर इजा कमी झाली, तर नंतर काढून टाकल्यावर दुरुस्ती मंदावली. यावरून शोथ सरसकट दडपणे हितकारक नसते, हे उघड आहे.

साफसफाईचे काम केवळ बाहेरून आलेल्या कोशिकाच करतात असेही नाही. इजा झालेल्या समीपस्थ नलिकेच्या कोशिकांवर किम-१ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात प्रकट होते, हे १९९८ मध्ये कळले होते. या प्रथिनामुळे नलिका-कोशिका शेजारच्या मृत कोशिका ओळखून गिळू शकते, असे ताकाहारू इचिमुरा, बॉनव्हेंट्र आदींनी २००८ मध्ये दाखवून दिले. वाचलेली कोशिका अशा तऱ्हेने प्रथम वाट मोकळी करते आणि मग ती जागा आपल्या संततीने भरून काढते.

अपुरी दुरुस्ती : रोग्याला मूत्र होऊ लागले व रक्तातील क्रिआटिनिनाचे प्रमाण सामान्य झाले, की तो बरा झाला असे १९९० पर्यंत सामान्यतः मानले जाई. नंतरच्या दीर्घकालीन पाहण्यांत तीव्र वृक्क-निष्फलतेतून उठलेल्या काही रोग्यांना पुढे चिरकारी (दीर्घकालीन) वृक्कविकार होतो, असे आढळले. याचे स्पष्टीकरण कोशिकांच्या पातळीवर मिळू लागले आहे. ली यांग, बॉनव्हेंट्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये असे दाखविले, की तीव्र किंवा पुनःपुन्हा झालेल्या इजेनंतर काही नलिका-कोशिका विभाजनाच्या अर्ध्या वाटेवर अडकून पडतात. अशा कोशिका आंतराल ऊतकाला तंतू निर्माण करण्याचे संदेश देत राहतात. परिणामी तंतुमयता (वणासारखे कठीण ऊतक तयार होणे) वाढते व भोवतालच्या नलिका आकसतात. हंफ्रीज यांच्या गटाने २०२० मध्ये एकेका कोशिकेच्या केंद्रकातील जनुकीय संदेशांचे परीक्षण केले. बहुतेक नलिका-कोशिका पूर्ववत होतात; पण थोड्या कोशिका बाल्यावस्थेतून परत न येता शोथकारक अवस्थेतच राहतात, असे त्यातून दिसून आले. यशस्वी दुरुस्ती व तंतुमयता यांचा उगम एकाच प्रकारच्या कोशिकांत आहे. इजा किती खोल, किती काळ व किती वेळा झाली, यावर त्यांची दिशा ठरते.

मुंबई परिसर : २००० च्या पावसाळ्यातील पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण लक्षणीय संख्येने आढळले. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाबा येथे तो सु. ७३ मिमी. होता. उपनगरांत लक्षावधी लोकांना कमरेएवढ्या पाण्यातून तासन्‌तास चालावे लागले व त्यानंतरच्या आठवड्यांत या रोगाची मोठी साथ आली. मुंबईत या रोगाने दगावलेल्या ६२ जणांच्या शवविच्छेदनांचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. फुप्फुसातील रक्तस्राव व वृक्कातील तीव्र इजा या त्यातील प्रमुख विकृती होत. मृताच्या वृक्कावरून इजेचेच ज्ञान होते हे वर सांगितले आहे. वाचलेल्यांच्या वृक्कांत काय घडले, हे जाणण्यासाठी रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाची पुन्हा तपासणी करणे, हाच मार्ग आहे.

मुंबईच्या उत्तर सीमेला लागून असलेले मीरा-भाईंदर (महानगरपालिका २००२) हे शहर वसईची खाडी, मिठागरे व संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या यांच्या दरम्यान सखल भूमीवर वाढले आहे. मीरा रोड पूर्वेकडील सिल्व्हर पार्कसारख्या दाट वस्तीच्या भागांतील हजारो रहिवासी रोज लोकलने किंवा रस्त्याने मुंबईत कामाला जातात. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणे, कचऱ्याभोवती वाढणारे उंदीर व पायावरील छोट्या जखमा या तीन गोष्टी एकत्र आल्या, की या रोगाला वाव मिळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील भातखाचरांत अनवाणी राबणाऱ्या शेतकऱ्यांनाही त्याचा असाच धोका असतो. खेड्यातील चिखल व शहरातील तुंबलेले पाणी यांत या जंतूच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

उपचार : नलिका-कोशिकांचे विभाजन वेगाने घडवून आणणारे औषध मिळविण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९८९ मध्ये बाह्यत्वचा-वृद्धी-घटक हे प्रथिन दिल्याने प्रायोगिक प्राण्यांत दुरुस्ती लवकर होते, असे आढळले होते. याच वर्गातील इन्शुलिनसदृश वृद्धी-घटक-१ या प्रथिनाची रोग्यांवर चाचणी घेण्यात आली. परंतु १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याचा लाभ झाला नाही. वृक्क-ऊतकाची दुरुस्ती निश्चितपणे घडवून आणणारे औषध अद्याप उपलब्ध नाही.

त्यामुळे उपचाराची दिशा इतिहासाने दाखविली तीच राहते, ती म्हणजे इजा थांबविणे व वृक्काला वेळ मिळवून देणे. रोगाच्या आरंभी पेनिसिलीन, डॉक्सिसायक्लीन यांसारखी प्रतिजैव औषधे देतात. पुराच्या पाण्यातून चालून आलेल्या व्यक्तींनी, विशेषतः पायावर जखम असल्यास, ७२ तासांच्या आत वैद्यकीय सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, अशी सूचना मुंबई महानगरपालिका पावसाळ्यात देत असते. वृक्क निकामी झाल्यास अपोहन विनाविलंब व रोज केल्याने लेप्टोस्पायरोसिसमधील मृत्यूंचे प्रमाण घटते, असे ब्राझीलमधील साऊँ पाउलू येथील अभ्यासात आढळले आहे. ताप आणि अंगदुखी यांसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके मनाने घेणे या काळात विशेष घातक ठरते. कारण ती वृक्काचा रक्तपुरवठा कमी करतात व सावरू पाहणाऱ्या कोशिकांवर दुसरा आघात करतात.

रोगी घरी गेल्यानंतरही मूत्र गाढ करण्याची क्षमता परत येण्यास काही महिने लागू शकतात. त्या अवधीत रक्तदाब, मूत्रातील प्रथिन व रक्तातील क्रिआटिनिन यांची वेळोवेळी तपासणी करणे अगत्याचे आहे. ही तपासणी स्वस्त व साधी असून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यातील आहे. दुरुस्ती पूर्ण झाली की मध्येच अडकली, हे बाहेरून ओळखण्याचा दुसरा सोपा उपाय नाही. रोजंदारीवरचा माणूस बरे वाटताच कामावर परततो व तपासणी राहून जाते. मग पुढच्या पावसाळ्यातील आघात अर्धवट सावरलेल्या वृक्कावर होतो.